घेवड्याच्या खड्ड्यावरचं चाक

माझा मुलगा रेनाल वाईट नाही. फक्त त्याला वाटतं, नवऱ्याला पुरलं की बायकोचे हातपायही त्याच पेटीत ठेवून द्यावेत. माझा ओनेझीम गेला भर हिवाळ्यात. जमीन दगडासारखी गोठलेली, त्यामुळे बर्फ वितळेपर्यंत त्याला मातीसुद्धा देता आली नाही. ती दिली आणि काही दिवसांतच रेनाल माझ्या स्वयंपाकघरात बसून, माझीच कॉफी पीत म्हणाला, "आई, ट्रक आणि वरचं घर विकून टाकू या. दक्षिणेकडचं एक जोडपं विचारतंय."

वरचं घर म्हणजे आमचा कॅम्पर. पिकअपच्या हौद्यात बसवलेली एक खोली. पलंग, शेगडी, घडीचं टेबल, आणि मागे दारापाशी लोखंडी पायरी. दर सप्टेंबरला काळ्या माश्या संपल्या, मेपल लाल व्हायला लागले, की आम्ही दोघं चौकीच्या फाटकातून आत जंगलात जायचो. लाकूडतोड कंपनीचा मातीचा रस्ता, मैलोन्‌मैल एक घर नाही, आणि शेवटी तळं. तिथे आठवडाभर राहायचं. भांडायचं, मासे पकडायचे, जमिनीत घेवडा शिजवायचा. आमचं सगळं लग्न त्या आठवड्यावर चालायचं असं म्हटलं तरी चालेल.

"विकायचा नाही," मी म्हटलं.

"मग काय करणार त्याचं? अंगणात ठेवून पूजा करणार? तुला तो रस्ता चालवता येतो का?"

"कधी चालवला नाही. म्हणजे येत नाही असं नाही."

आमच्या खोऱ्यात पैजा चटकन लागतात. रेनाल म्हणाला, "ठीक आहे. सप्टेंबरात तू तळ्यावर जा. पण एकटी नाही. शनिवारी दुपारी मी जेवायला येतो. घेवडा गरम असला आणि तुम्ही धडधाकट असलात, तर पुन्हा मी विकायचं नाव काढणार नाही. पण टोचन लागलं, कोणाला मदतीला बोलवावं लागलं, तर सोमवारी ते जोडपं येऊन ट्रक घेऊन जाईल."

"कबूल," मी म्हणाले. उचलली जीभ लावली टाळ्याला.

आता बरोबर कोण येणार? एका मैत्रिणीचा गुडघा, दुसरीला अस्वलाची भीती, तिसरीचा नवरा सोडत नाही, जसं काही तिला कोणी पळवूनच नेणार आहे. उरली फक्त शेजारची फिलोमेन. ओनेझीमची थोरली बहीण. लग्न केलं नाही, सारा जन्म शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना वाढण्यात घालवला, आणि माझ्या स्वयंपाकात मीठ कमी आहे हे सांगण्यात. आमचं सख्य विळ्या-भोपळ्याचं. दर सप्टेंबरला आम्ही निघालो की ही हातात कप घेऊन तिच्या ओसरीवर उभी असायची. हात हलवायची नाही, काही नाही. मी ओनेझीमला म्हणायची, "बघ, तुझी बहीण नाक मुरडतेय." तो म्हणायचा, "तिचं नाकच तसं आहे."

मी कुंपणापाशी जाऊन विचारलं, "तळ्यावर येतेस का?"

"कधी निघायचं?" ती म्हणाली.

आधी नाही म्हणेल, मग भाव खाईल, मग मीठ-मसाल्याबद्दल दोन शब्द ऐकवेल, अशी माझी तयारी होती. ती वाया गेली.

निघायच्या दिवशी ती दोन्ही हातांनी एक काळं लोखंडी भांडं पोटाशी धरून आली. "आईचं आहे," म्हणाली. "घेवड्याला."

"ओनेझीमचं घेतलंय मी."

"त्याचं झाकण पातळ आहे."

"फिलोमेन, या गाडीत दोन भांड्यांना जागा नाही."

ती वळली. परत जाऊन भांडं ओसरीवर ठेवून आली आणि माझ्या शेजारी बसली. म्हणजे माझ्या जागेवर. इतकी वर्षं मी तिथे बसले होते, मांडीवर रेडिओचा माईक घेऊन. त्या रस्त्यावर ओंडक्यांनी भरलेले ट्रक हेच राजे. ते रस्त्याच्या मधोमध चालतात आणि त्यांना थांबायला अर्धा मैल लागतो. म्हणून मैलाची पाटी आली की रेडिओवर सांगायचं, आपण कुठे आहोत आणि आत जातोय की बाहेर. समोरून भरलेला ट्रक येत असेल तर रुंद जागा बघून गुमान कडेला व्हायचं.

मी ते सगळं फिलोमेनला समजावलं. तरी ती प्रत्येक पाटीला आधी "नमस्कार मंडळी" म्हणायचीच.

"नमस्कार मंडळी. बावीस मैल. आत जातोय."

रेडिओ खरखरला. "बावीसवर कोण आजीबाई आहेत?"

"आजी तुझ्या घरी असेल," फिलोमेन म्हणाली. "इथे एक पिकअप आहे, त्यावर घर आहे, आणि चालवणारीच्या नाकावर राग आहे. जपून ये."

रेडिओ पुन्हा खरखरला. मग तोच आवाज, पण मऊ. "हिरवा ट्रक का? ओनेझीमचा?"

"त्याचाच."

"मी चोवीसवर आहे, भरलेला. मी कडेला थांबतो. तुम्ही या."

मी आयुष्यात कधी भरलेला ट्रक कोणासाठी थांबलेला पाहिला नव्हता. बिशप आला तरी थांबत नाहीत. चोवीसच्या पाटीपाशी तो खरंच कडेला उभा होता, एवढा मोठा, ओंडके दोरखंडांत करकचून बांधलेले, आणि वर खिडकीत एक दाढीवाला टोपी काढून बसला होता. मी त्याच्या जवळून हळूच गेले. पुढच्या मैलावर मला समोरचा रस्ता नीट दिसेना. फिलोमेनने न विचारता तिचा रुमाल माझ्या मांडीवर टाकला आणि दुसरीकडे बघत बसली.

तळ्यावर कोणीच नव्हतं. आधी जे आले होते ते नेमाप्रमाणे चुलीशेजारी कोरडी लाकडं रचून गेले होते. शुक्रवारी दुपारी आम्ही खड्डा खणला, गुडघाभर खोल. त्यात मेपलची लाकडं जाळून निखारे केले. पिवळ्या डोळ्याचा घेवडा मी आदल्या रात्री भिजत घातलाच होता. खारवलेली चरबी, कांदा, मोहरी, मेपलचा पाक. भांड्याला झाकण, निखाऱ्यांत भांडं, वरून निखारे, वरून माती. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत विसरून जायचं.

विसरायचं, पण अस्वलाने विसरायला हवं ना! त्याला वास येतो, आणि तो निखाऱ्यांना भीत नाही. म्हणून ओनेझीमची एक पद्धत होती. खड्डा पुरला की तो ट्रक मागे घेऊन मागची पायरी बरोबर खड्ड्यावर आणायचा. माणसांच्या वासाच्या इतक्या जवळ अस्वल येत नाही. मी मागे उभी राहून हात करायची, ये, ये, डावीकडे, बास. तो आतून शिव्या द्यायचा, पण माझ्या हाताबाहेर वीतभरही जायचा नाही.

आता मी आत होते आणि फिलोमेन मागे.

आरशात ती मला दिसत होती, दोन्ही हात वर केलेली. तिचे वडील घोड्यांनी ओंडके ओढायचे, त्यांना मागे घेताना करायचे तसे मोठे मोठे हात. "ये... ये... बास!" ती ओरडली.

मी मनात म्हटलं, हिला काय कळतंय, ही भित्री. अजून हातभर जागा आहे. आणि घेतला मागे, वाकडा, आणि हातभरापेक्षा बराच जास्त.

ट्रकने डाव्या कुशीवर बसकण मारली. काहीतरी कड्‌कन वाजलं. मागे कॅम्परमधल्या साऱ्या ताटल्या एकदम बोलल्या.

मी उतरून पाहिलं. मागचं डावं चाक घेवड्याच्या खड्ड्यात. अगदी मधोमध. मुद्दाम बसवायचं म्हटलं तरी इतकं नेमकं बसलं नसतं.

"मी बास म्हटलं होतं," फिलोमेन म्हणाली.

"ऐकलं मी."

"मग?"

"मग काही नाही! ऐकलं म्हणजे मानलंच पाहिजे का?"

मी पुन्हा आत बसून पुढे काढायला गेले. चाक गरगरलं, माती उडाली, आणि अजून खाली गेलं. पुढच्या चाकांनीही ओढायची सोय ओनेझीमच्या आधीच गेलेली होती; तो म्हणायचा, आपण काय डोंगर चढणार आहोत. तेवढ्यात फिलोमेनने नाक वर करून हवा हुंगली. "रबर," म्हणाली. "एल्मीर, खाली निखारे आहेत."

 रेडिओ होता. एक हाक मारली असती तर कोणीही आलं असतं. जंगलात कोणी कोणाला टाकून जात नाही. पण ती हाक फाटकापर्यंत पोचली असती, फाटकावरून रेनालपर्यंत, आणि सोमवारी दक्षिणेकडची कोणी बाई माझ्या पलंगावर बसून गादी मऊ आहे का बघत असती. मी माईक हातात घेतला, आणि परत ठेवला.

"घर उतरवायचं," मी म्हटलं.

"काय?"

"ट्रकच्या पाठीवरचं ओझं काढायचं. हलका झाला की निघेल. चार कोपऱ्यांना चार जॅक आहेत. पण एकटीने होत नाही. दोघींनी दोन कोपऱ्यांची हँडलं एकदम फिरवायची, सारखी. एकीने जास्त फिरवलं की घर कलंडतं."

तिने कलत्या घराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "म्हणजे आता तू माझं ऐकणार?"

"मी मोजणार, तू ऐकणार."

"नाही. दोघींनी मोजायचं. मोठ्याने."

वाद घालायला वेळ नव्हता. टायरवर दोन बादल्या पाणी ओतलं, साखळ्या सोडल्या, जॅकच्या पायांखाली फळ्या सारल्या. आधी बसलेला कोपरा वर आणला, घर सरळ झालं. मग तळ्याकाठी दोन म्हाताऱ्या शाळेतल्या पोरींसारख्या मोठ्याने आकडे म्हणत हँडलं फिरवत होत्या. पाच फेरे पुढे, मग धावत मागे, पाच फेरे तिथे. फिलोमेन थांबली की मी थांबायची. मला दम लागला की ती आकडा लांबवायची, "ती...न", म्हणजे मला श्वास घेता यावा. हे मला मागाहून कळलं. तेव्हा वाटलं, हिला नीट मोजताही येत नाही.

घर हौद्यातून सुटलं तसा ट्रक सुस्कारा टाकून वर आला. चाकापुढे फळी घातली आणि मी तो अलगद पुढे काढला. टायरला डाग पडला होता, पण हवा टिकून होती. घर आपल्या चार बारीक पायांवर झाडांमध्ये एकटंच उभं होतं. बगळा उभा असतो ना, तसं.

खड्ड्यात पाहिलं. भांडं शाबूत, झाकणाचे तीन तुकडे. मी फिलोमेनकडे पाहिलं नाही. झाकण पातळ आहे, हे तिने एकदा म्हटलेलं पुरेसं होतं, आणि देव तिचं भलं करो, ती पुन्हा म्हणाली नाही. वरची माती चमच्याने काढली, प्लोयच्या धिरड्यांचा तवा भांड्यावर पालथा घातला, निखारे लोटले आणि पुन्हा पुरलं. अस्वल दूर राहावं म्हणून खुर्च्या, बादल्या, माझे बूट असं सगळं वर रचून ठेवलं.

शनिवारी रेनाल दुपारच्या आधीच आला. चार पायांवरचं घर आणि बाजूला मोकळा ट्रक पाहून चकित झाला. "अरे वा! घर उतरवलंत? दोघींनी?"

"हवा यावी म्हणून," फिलोमेन म्हणाली.

भांडं बाहेर काढलं. घेवडा असा शिजला होता की वासानेच माणसाने खाली बसावं. मी वाढलं. रेनालने इकडेतिकडे पाहिलं. "प्लोय कुठेत?"

आमच्याकडे घेवडा वाढायचा आणि प्लोयची धिरडी करायची नाहीत, म्हणजे लग्न करून नवरा आणायचा नाही.

"तवा घाण झालाय," मी म्हटलं.

त्याने एक घास घेतला. चावला. कर्रर्र आवाज झाला. त्याने तोंडातून लोखंडाची एक कपची काढली आणि तळहातावर ठेवली. मग वाकून खड्ड्याजवळची माती पाहिली, टायरचा ठसा पाहिला, टायरवरचा डाग पाहिला. माझं पोर आहे, आंधळं नाही. त्याला घेवडा वाढला म्हणजे हात दाखवून अवलक्षण झालं होतं.

"कोणाला बोलावलं नाही आम्ही," मी म्हटलं. "टोचन नाही, मदत नाही. तू म्हणालास ते सगळं पाळलं."

"आई," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज रागाचा नव्हता, तेच वाईट. "हे घर तुमच्या अंगावर पडलं असतं तर? बाबांनी दवाखान्यात माझा हात धरून सांगितलं होतं, हिला एकटीला आत जाऊ देऊ नकोस. मी काय सांगू त्यांना?" त्याने हात पुढे केला. "किल्ल्या दे. मी ट्रक घराखाली लावतो. मग घरी जाऊ."

मला ओनेझीमचा राग आला. मला म्हणाला होता, ट्रक गंजू देऊ नकोस. आणि पोराला हे. मरतानाही दोघांना दोन गोष्टी सांगून गेला.

मी किल्ल्या मुठीत घट्ट धरल्या. "मी लावते. एकदाच. नाही बसला तर सोमवारी ने."

ट्रक घराखाली घेणं म्हणजे पायमोज्यात पाय घालणं नव्हे. दोन्ही बाजूंना चार-चार बोटं जागा, आणि जॅकला धक्का लागला तर घर खाली. ओनेझीमला तीनदा पुढेमागे करावं लागायचं, आणि प्रत्येक वेळी तो एकेका संताचं नाव घेऊन शिव्या घालायचा.

मी बसले. आरशात फिलोमेन उभी होती, घरापाशी. रेनाल तिच्याकडे गेला. "आत्या, तू बाजूला हो, मी हात करतो."

"तू घेवडा खा," ती म्हणाली.

तिने हात वर केले. मी मागे सरकले. एक हात डावीकडे कलला, मी चाक वळवलं. मला वाटत होतं सरळ आहे, अगदी सरळ आहे, वळवलं तर जॅकला लागेल. तिचा हात म्हणत होता वळव. काल मी माझ्या डोळ्यांवर गेले होते. आज डोळे गेले चुलीत, म्हटलं, आणि हातावर गेले. आरशात घराची भिंत इतकी जवळ आली की रंगाचे पोपडे दिसले. "ये... ये..." मग दोन्ही मुठी वर. "बास!"

मी तिथल्या तिथे ब्रेक दाबला. काहीच वाजलं नाही. उतरून पाहिलं तर हौदा घराच्या बरोबर खाली, दोन्हीकडे चार-चार बोटं.

रेनाल ताटली हातात धरून तसाच उभा होता. मग त्याने खाली बसून पुन्हा खायला सुरुवात केली. कर्र, कर्र. खातच म्हणाला, "बाबांना कधी पहिल्या खेपेला जमलं नव्हतं."

"बाबांनी एकटीला म्हटलं होतं ना?" फिलोमेन म्हणाली. "मग मी कोण? बटाट्याचं पोतं?"

तो हसला. बापासारखा, खांदे हलवत. "फाटकापाशी फोन लागला की त्या जोडप्याला नाही म्हणून कळवतो. पण आत्या, यंदा तू आलीस. पुढच्या वर्षीचं काय?"

फिलोमेन तळ्याकडे बघायला लागली. तिने रुमाल शोधला. तो माझ्याकडे होता. "यंदा विचारलं म्हणून आले," ती म्हणाली. "एवढी वर्षं मी ओसरीवर उभी राहायचे. म्हटलं, एखादे वेळी गाडी थांबेल. कोणी विचारलंच नाही."

 ओसरी, तो कप, तो न हललेला हात. ती आम्हाला निरोप द्यायला कधी उभीच नव्हती. आणि मी दरवर्षी तिच्या नाकाबद्दल बोलत पुढे निघून जायची. मला तिच्या गळ्यात पडावंसं वाटलं, पण आमच्या खोऱ्यात असं कोणी करत नाही, आणि ती माझी नणंद आहे.

"आपलं झाकण फुटलंय," मी म्हटलं. "पुढच्या वर्षी तुझ्या आईचं आण."

ती रुमाल नसल्यामुळे बाहीने नाक पुसत होती. "झाकण एकटं येत नाही," ती म्हणाली. "भांडंही येईल."

"येऊ दे. जागा करीन मी."